जुन्या मोटारीस टर्बोचार्जर जोडावा काय?

आंदर मावळात भातलावणीपूर्वी गावोगाव बैठका घेत असता बियाणे व खते यांच्या जोडीने अलीकडे एक निराळाच प्रश्न विचारला जातो. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक व वडेश्वर या मार्गाने खांडीकडे गेलेल्या रस्त्यावर या खोऱ्याची बरीचशी ने-आण चालते. दूध, भाजीपाला, भाताची पोती, खतांच्या गोण्या आणि सुटीच्या दिवशी येणारे पाहुणे यांची वाहतूक पुष्कळ कुटुंबे घरच्याच लहान पेट्रोल मोटारीतून करतात. भरलेली मोटार चढावर दमू लागली की घरातील तरुण म्हणतो, “टर्बोचा संच मिळतो, तो बसवून घेऊ.” वडील माणूस मग आमच्याकडे वळून विचारतो, “साहेब, हे खरे काय?”

हा प्रश्न पिकाचा नसला तरी शेतकऱ्याच्या पैशाचा आहे, आणि ऐन हंगामात घरचे वाहन चालू राहील की नाही याचाही आहे. म्हणून टर्बोचार्जर म्हणजे काय, तो कसा काम करतो आणि मुळात तो नसलेल्या इंजिनास जोडला असता काय घडते, याची माहिती येथे देत आहोत.

हवा, इंधन आणि बळ

इंजिनास बळ पेट्रोलमुळे मिळते असे आपण म्हणतो. परंतु हे अर्धेच खरे आहे. लोहाराच्या भट्टीत कोळसा कितीही घातला तरी भाता हलल्याखेरीज आच वाढत नाही. तसेच पेट्रोल जळण्यास हवा लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. आकारमानाने पाहिल्यास एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते असे म्हणता येईल.

साध्या इंजिनात ही हवा दट्ट्या खाली सरकताना ओढली जाते. 1,200 घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन मिनिटास 4,000 फेरे घेत असेल, तर ते हिशेबाने मिनिटास जास्तीत जास्त 2,400 लिटर हवा ओढू शकेल. प्रत्यक्षात त्याहून काहीशी कमीच येते. हवा जेवढी, तेवढेच पेट्रोल नीट जळणार. आणि पेट्रोल जेवढे जळेल, तेवढेच बळ मिळणार. म्हणून इंजिनाचे बळ वाढविण्याचे मार्ग मोजकेच उरतात : इंजिन मोठे करावे, ते अधिक वेगाने फिरवावे, अथवा त्याच सिलिंडरात हवा दाबून भरावी. टर्बोचार्जर यांतील तिसरा मार्ग अनुसरतो.

टर्बोचार्जरची रचना

आंदर मावळच्या लोकांना टर्बाइन ही वस्तू अपरिचित नाही. ठोकरवाडीच्या जलाशयातील पाणी 1922 पासून भिवपुरीच्या वीजगृहात उतरून तेथील टर्बाइन फिरवीत आले आहे. तेथे चाक फिरविणारे पाणी असते. मोटारीत ते काम जळालेले वायू करतात.

पेट्रोलमधील उष्णतेपैकी स्थूलमानाने एकतृतीयांश भाग या वायूंबरोबर धुराड्यातून निघून जातो. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांवर दोन चाके बसविलेली असतात. एका चाकावर हे तप्त वायू आदळतात व ते फिरू लागते. हे टर्बाइनचे चाक होय. त्याबरोबर दुसऱ्या टोकाचे चाकही फिरते आणि बाहेरील हवा ओढून ती दाबाने इंजिनात लोटते; हे दाबक चाक होय. मोटारीच्या टर्बोचार्जरचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि ते तेल इंजिनातूनच येते. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून काही वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली तिचे पेटंट घेतले. पुढे विमानांच्या इंजिनांकडे लक्ष वळले. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिन तेथे गुदमरते. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंचीच्या पर्वतावर लिबर्टी इंजिन नेऊन त्याची परीक्षा घेतली. समुद्रसपाटीवर 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर सुमारे 230 अश्वशक्तीवर आले, आणि टर्बोचार्जर जोडताच पुन्हा 356 पर्यंत गेले.

हे ऐकून कोणी म्हणेल की, आपणही डोंगरात राहतो, तेव्हा आपणासही त्याचा तसाच लाभ होईल. हा हिशेब येथेच करून पाहावा. समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण सहा टक्क्यांनीच कमी भरते. मावळातील गावांत मोटार दमते ती हवेच्या विरळपणामुळे नव्हे. तिची कारणे अन्यत्र शोधावी लागतील.

दाबलेली हवा तापते

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हा अनुभव सर्वांस आहे. टर्बोचार्जरमध्येही हेच होते. बाहेरील हवा 32 अंश सेल्सियस असून तिचा दाब दीडपट केला, तर सामान्य कार्यक्षमतेच्या दाबकातून ती सुमारे 90 अंशांपर्यंत तापून बाहेर पडते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी वजनाने हवा दीडपट न भरता साधारण सव्वापटच भरते.

हीच हवा वाटेत एका थंड करणाऱ्या जाळीतून नेऊन 50 अंशांवर आणली, तर ती सुमारे 1.4 पट भरते. या जाळीस इंटरकूलर म्हणतात. स्वस्त संचातून पुष्कळदा हाच भाग वगळलेला असतो, आणि घेणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. त्यामुळे हवा कमी भरते हा एक तोटा झाला. इंजिनात जाणारी हवा आधीच तापलेली असते, हा दुसरा आणि अधिक मोठा तोटा होय.

इंजिनातील ठोका

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते, व नंतर प्लगच्या ठिणगीने ते पेटते. ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने पसरावी व दट्ट्यास सारखा रेटा मिळावा, अशी मूळ योजना असते. मिश्रण प्रमाणाबाहेर दाबले वा तापले, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेला भाग आपोआप पेट घेतो. दट्ट्यास तेव्हा रेट्याऐवजी हातोड्यासारखा आघात बसतो. यालाच ठोका म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा त्याचा आवाज येतो.

साध्या पेट्रोल इंजिनात मिश्रण बहुधा नऊ ते अकरा पट दाबले जाते. त्याचे दट्ट्ये, कडी, डोक्याचे गॅस्केट व ठिणगीची वेळ हे सारे तेवढाच भार धरून आखलेले असते. बाहेरून आधीच दाबलेली हवा त्यात सोडली की एकूण दाब त्या आखणीपलीकडे जातो. डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात केवळ हवाच दाबली जाते आणि इंधन शेवटी फवारले जाते. त्यामुळे या प्रकारच्या ठोक्याचे भय तेथे नसते, आणि म्हणूनच टर्बोचार्जर डिझेल इंजिनास अधिक मानवतो. तथापि डिझेल इंजिनाचे भागही ठरावीक भारासाठीच घडविलेले असतात, हे ट्रॅक्टरचा पंप वाढवून घेणाऱ्यांनी विसरू नये.

भात पिकविणाऱ्यास हे समजणे कठीण नाही. उंच वाढणाऱ्या जुन्या आंबेमोहरास नत्र भरपूर दिले, तर पीक काही दिवस जोमदार दिसते आणि मग लोळते. खत वाईट नसते. ताटास ते पेलत नाही. आय. आर. 8 सारख्या बुटक्या व ताठ जाती आल्या तेव्हाच जास्त नत्र पेलणे भातास शक्य झाले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेली इंद्रायणी ही आंबेमोहर 157 व आय. आर. 8 यांच्या संकरातूनच निघाली आहे. आधी ताट बदलले, मग खत वाढविले. इंजिनाच्या बाबतीतही हाच क्रम पाळावा लागतो.

एकाच वर्षाच्या दोन मोटारी

1962 साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने टर्बोचार्जर असलेल्या दोन मोटारी बाजारात आणल्या. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिली ओल्डस्मोबिल जेटफायर. तिच्या इंजिनात मिश्रण 10.25 पट दाबले जात असे, आणि टर्बोचार्जर बसवितानाही ते प्रमाण उंचच ठेवले गेले. ठोका टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारण्याची सोय केली होती. मालकाने ती टाकी वेळोवेळी भरावी अशी अपेक्षा होती. पुष्कळ मालक ती भरीत नसत. तक्रारी वाढल्या आणि पुढे अनेक गाड्यांवरील टर्बोचार्जर काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला.

दुसरी शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर. तिच्या इंजिनात दाबाचे प्रमाण आधीच आठपर्यंत खाली आणले होते. तिला अशा फवाऱ्याची गरज भासली नाही.

मोठ्या कारखान्यातील अभियंत्यांनाही उंच दाबाचे इंजिन व टर्बोचार्जर यांचा मेळ घालताना असे सायास पडले. मग रस्त्याकडेच्या दुकानात दोन दिवसांत जोडलेल्या संचाकडून काय अपेक्षा करावी, याचा विचार प्रत्येकाने करावा.

या खोऱ्यातील एक अनुभव

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने भाताच्या पैशातून मुलाच्या आग्रहास्तव आपल्या पेट्रोल मोटारीस असा संच बसविला. संच बसविण्यापूर्वी त्याने प्रस्तुत लेखकास विचारले होते. तेव्हा मोटार हा आपला विषय नव्हे असे समजून “कारागिराचा सल्ला घ्या” एवढेच उत्तर दिले गेले. ते उत्तर अपुरे होते, हे येथे नमूद करणे इष्ट वाटते.

पहिला महिना मोटार उत्तम चालली. वैशाखात सहा माणसे व सामान घेऊन चढ चढताना इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली. पेट्रोल वाईट असेल असे समजून मोटार तशीच दामटली. दुसऱ्या आठवड्यात निळा धूर सुरू झाला व बळ अगदीच गेले. इंजिन उघडले तेव्हा एका दट्ट्याच्या दोन कड्यांमधील भाग तुटून पडलेला आढळला. संचात इंटरकूलर नव्हता, आणि हवा वाढविली तरी तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढविण्याची व्यवस्था केलेली नव्हती. मिश्रण पातळ झाले, म्हणून ते अधिक तापले. तापले म्हणून ठोका बसला. आणि ठोक्याने दट्ट्या तुटला. राबातील रोपे लावणीस आली तेव्हा मोटार दुकानात होती. खते आणण्यास त्यास भाड्याचे वाहन करावे लागले. मोटारीवर दोनदा खर्च झाला आणि हाती आले ते जुनेच बळ.

संच नीट जोडावयाचा तर

टर्बोचार्जर बाहेरून जोडताच येत नाही असे नाही. जाणकार लोक तो जोडतात. परंतु ते केवळ टर्बोचार्जर जोडीत नाहीत. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्या लागतात :

1. प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजून इंजिन निर्दोष असल्याची खात्री करणे. झिजलेल्या इंजिनावर हा प्रयोग करूच नये.
2. दट्ट्ये बदलून वा अन्य उपायाने दाबाचे प्रमाण कमी करणे, अथवा टर्बोचार्जरचा दाब अगदी थोडा ठेवणे.
3. इंटरकूलर बसविणे.
4. वाढलेल्या हवेस पुरेसे पेट्रोल मिळावे म्हणून मोठे इंजेक्टर व पंप बसविणे. तसेच इंजिनाच्या संगणकातील इंधनाचे व ठिणगीच्या वेळेचे हिशेब नव्याने बसविणे.
5. टर्बोचार्जरला तेल नेणारी व परत आणणारी नळी घालणे. परतीच्या नळीस शेताच्या पाटाप्रमाणे सलग उतार हवा. ती मध्येच चढली तर तेल तुंबते व टर्बोचार्जरच्या बाजूंनी गळू लागते.
6. रेडिएटर, क्लच व ब्रेक वाढलेल्या बळास पुरे पडतात की नाही हे पाहणे.
7. शेवटी भार देऊन चाचणी घेणे, आणि ती घेताना मिश्रणाचे प्रमाण व ठोका यांवर लक्ष ठेवणे.

या सर्वांचा खर्च एकत्र धरावा. पाचसहा वर्षे वापरलेल्या लहान मोटारीवर तेवढा खर्च करणे शेतकरी कुटुंबास क्वचितच परवडेल. शिवाय अधिक बळ वापरले की पेट्रोलही अधिक जळते. “तेवढ्याच पेट्रोलात दुप्पट जोर” ही जाहिरात खरी मानू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या व नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास मालकास मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा अशी तरतूद झाली. याखेरीज विमा कंपनीस न कळविलेला फेरफार हा अपघातानंतर भरपाई नाकारण्याचे कारण ठरू शकतो. म्हणून संच घेण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

त्याऐवजी आधी काय करावे

बहुतेक मोटारी चढावर दमतात त्या मूळ बळ कमी पडते म्हणून नव्हे, तर असलेले बळ हरवलेले असते म्हणून. ते परत मिळविणे स्वस्त आहे.

हवेची जाळी : मावळात माघापासून ज्येष्ठापर्यंत रस्त्यावरील धुळीने ती लवकर भरते. कारखान्याने सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता या काळात ती महिन्यातून एकदा काढून पाहावी व भरलेली असल्यास बदलावी.

सिलिंडरातील दाब : एखाद्या सिलिंडरात दाब कमी आढळल्यास झडपा व कडी तपासून घ्यावीत.

क्लच : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. हा दोष कोणत्याही टर्बोचार्जरने जाणार नाही. उलट तो वाढेल.

चाकांतील हवा व ब्रेक : हवा कमी असल्यास अथवा ब्रेक धरून राहिल्यास बळ वाया जाते.

भार व गिअर : ठरलेल्यापेक्षा अधिक माणसे व माल घेऊ नये. चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू देऊ नये.

एवढे करूनही वाहन अपुरे पडत असेल, तर गरजच मोठी आहे असे समजावे. अशा वेळी शेजाऱ्यांनी मिळून मालवाहू वाहन ठेवावे, अथवा पुढील मोटार घेताना कारखान्यातूनच टर्बोचार्जर बसवून आलेली घ्यावी. तिचे दट्ट्ये, गॅस्केट व संगणक त्या भारासाठीच घडविलेले असतात.

कारखान्याच्या टर्बोचार्जरची निगा

आज या रस्त्यावरील अनेक जीपगाड्या व मालवाहू डिझेल गाड्यांवर टर्बोचार्जर मुळातच आहे. त्यांच्या मालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

तेल कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे व वेळेवर बदलावे. सकाळी इंजिन सुरू करताच रेस देऊ नये. तेल टर्बोचार्जरपर्यंत पोहोचण्यास थोडा अवधी द्यावा. मोठा चढ चढून आल्यावर इंजिन एकदम बंद न करता एखाद-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे. नाहीतर तप्त दांड्यावरील तेल तेथेच करपते. रबरी नळ्या व त्यांच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत काय ते पाहावे. शिट्टीसारखा नवा आवाज आणि त्यासोबत बळात घट ही गळतीची खूण आहे. निळा धूर दिसल्यास तेल जळत आहे असे समजून त्वरित तपासणी करावी.

हवेच्या वाटेची स्वच्छता किती महत्त्वाची आहे, याचे एक उदाहरण देतो. 1952 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील 500 मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बोचार्जर असलेली डिझेल मोटार उतरली. पात्रता फेरीत तिला अग्रस्थान मिळाले होते. परंतु तिच्या हवेचे तोंड खाली, जमिनीलगत होते. टायरांच्या झिजेचा रबरी कचरा व धूळ आत ओढली जाऊन टर्बोचार्जर तुंबला आणि 71 फेऱ्यांनंतर मोटार बाद झाली. पुढे 1962 साली याच कंपनीच्या सहकार्याने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. शर्यतीसाठी घडविलेल्या मोटारीचीही धुळीपुढे ही गत झाली. आपल्या रस्त्यावरील गाड्यांच्या हवेच्या जाळीकडे दुर्लक्ष केल्यास काय होईल ते सांगावयास नको.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

असा प्रश्न कोणी विचारल्यास तो आपला विषय नव्हे म्हणून सोडून देऊ नये. विचारणाऱ्यास तीन गोष्टी विचाराव्यात : इंजिनाचा दाब मोजला काय? हवेची जाळी व क्लच पाहिले काय? संचासोबत इंजिनात आणखी काय काय बदलणार, हे दुकानदाराने लिहून दिले काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर निदान लावणी उरकेपर्यंत थांबण्याचा सल्ला द्यावा. इंजिनास किती हवा देता येईल याचा विचार करण्याआधी त्यास किती पेलेल हे पाहावे. खताची मात्रा ठरविताना आपण पीक पाहतो, तसेच हे आहे.